टाकीवरची स्लॅब

१४ ऑगस्ट

टाकीचं लोखंडी झाकण आज सकाळी पुन्हा बोटभर सरकलेलं होतं. काल संध्याकाळी मी स्वतः ते नीट बसवलं होतं. कठड्यावर चहाचा कप होता. धाकटा धार काढून झाली की तिथेच बसून चहा प्यायचा आणि कप तिथेच विसरायचा. कपात घोटभर चहा शिल्लक होता, गार झालेला. मी कप धुतला, फळीवर ठेवला. कोणाला बोललो नाही.

मी डायरी लिहिणारा माणूस नाही. पण हल्ली मनात आलेलं आणि खरोखर घडलेलं यांत माझी गल्लत होते. लिहून ठेवलं तर दोन्ही वेगळं राहील असं वाटतं.

तर घडलेलं लिहितो. धाकटा भाऊ मे महिन्यात गेला. गोठ्यामागे शेणाची टाकी आहे, जमिनीत खोल बांधलेली, वर सिमेंटची स्लॅब. गोठा धुतला की शेण, मूत, पाणी सगळं नालीतून तिथे जातं. ती भरत आली की आत ढवळणीचं यंत्र सोडून सगळं पातळ करायचं आणि पंपाने उपसून शेतात सोडायचं. त्या दिवशी ढवळणीत प्लॅस्टिकचं पोतं अडकलं. तो शिडी लावून सोडवायला उतरला. ढवळलेल्या शेणातून जो वायू सुटतो त्यात माणसाला हाक मारायलाही वेळ मिळत नाही, असं नंतर कळलं. मी बाजारात पेंड आणायला गेलो होतो.

तेव्हा बाहेरच्या लोकांनी टाकी रिकामी केली. आता ती पुन्हा निम्म्याच्या वर आली आहे.

१६ ऑगस्ट

जेवताना सांगितलं, की गाई चरायला बाहेर काढायच्या.

आई म्हणाली, "बाहेर म्हणजे कुठे?"

"मागच्या रानात. कुंपण घालून तुकडे पाडायचे. आज एका तुकड्यात, उद्या दुसऱ्यात. पहिल्यातलं गवत पुन्हा वाढेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही."

सूनबाई वाढता वाढता थांबली. सूनबाई म्हणजे धाकट्याची बायको. आई तिला तशी हाक मारते, म्हणून मीही. ती म्हणाली, "गाईंना विचारलंत का, दादा? जन्मापासून गव्हाणीत आयतं खाल्लंय त्यांनी. आमच्याकडचे जावई असेच आहेत, ताट समोर आल्याशिवाय हात धुवायला उठत नाहीत."

आई हसली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

मी कारणं सांगितली. पेंड परवडत नाही. सिमेंटवर उभं राहून गाईंचे खूर खराब होतात. शेण रानात जिथल्या तिथे पडलं तर जमीन सुधारेल. विकतचं कमी, घरचं जास्त. ही सगळी कारणं खरी आहेत.

"आणि टाकी?" सूनबाईने विचारलं.

"लागणारच नाही. मातीने भरून टाकू."

 ती वाढणं अर्धंच टाकून आत गेली. दुधाची काळजी वाटली असणार. घर दुधावर चालतं, आणि तिची मुलगी अजून शाळेत आहे.

२ सप्टेंबर

कुंपण झालं. दोन तारा, बॅटरीवर चालणारं झटक्याचं यंत्र. पाण्यासाठी प्लॅस्टिकचे अर्धे कापलेले पिंप. टँकरवाला दूध न्यायला आला तेव्हा तारेकडे बघत म्हणाला, "दादा, गाईंना आत ठेवायचंय की आम्हाला बाहेर?" त्याने तारेला बोट लावून पाहिलं आणि मग बराच वेळ काही विनोद केला नाही.

५ सप्टेंबर

सकाळची धार झाल्यावर दुभत्या गाई सोडल्या. दावं सुटलं तरी जागच्या हलेनात. मागून थोपटत, ढकलत काढल्या. दारातला उजेड पाहून पहिली थबकली आणि बाकीच्या तिच्यावर आदळल्या. रानात गुडघाभर गवत आहे. त्या गवतातून कुंपणापर्यंत गेल्या आणि गोठ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दिवसभर तशाच. एकीनेही मान खाली घातली नाही. दुपारनंतर हंबरायला लागल्या. एवढ्या गवतात उभ्या राहून उपाशी.

सूनबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "वाढप्याची वाट बघतायत," म्हणाली.

तिला काय म्हणायचं होतं ते कळलं. तरी पुढचं लिहितो. धाकटा कुट्टीची हातगाडी घेऊन टाकीच्या कोपऱ्यावरून यायचा. त्याच्या यायच्या वेळेला सगळ्या गाई एकदम गप्प झाल्या. सगळ्यांचे कान एकाच दिशेला, टाकीच्या कोपऱ्याकडे. मी तिकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्या पुन्हा हंबरायला लागल्या.

९ सप्टेंबर

दूध निम्म्यावर आलं. टँकरवाला म्हणाला, "एवढ्यासाठी टँकर आत वळवायचा? उद्यापासून मी बाटली घेऊन सायकलवर येतो." मग आवाज उतरवून म्हणाला, की ऑफिसात विचारणा झाली आहे. असंच राहिलं तर आमचा रस्ता त्याच्या फेरीतून काढतील.

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. ते गाईंपेक्षा माझ्याकडेच जास्त वेळ बघत होते. म्हणाले, "उलटं केलंत. आधी कालवडी काढायच्या. त्यांच्या दुधाचा प्रश्न नसतो, वय लहान, शिकतात. त्यांचं बघून मोठ्या शिकतात. दुभत्या सगळ्यात शेवटी. वर्ष जातं या कामात. घाई कसली होती?"

मी म्हणालो, गवत जून झालं असतं.

त्यांनी गोठ्यामागच्या बाजूला एकदा पाहिलं, बॅग उचलली आणि गेले.

कालवडी वेगळ्या काढायच्या म्हणजे दुभत्या पुन्हा आत घ्यायच्या, म्हणजे गोठा पुन्हा धुवायचा. नालीचा तो आवाज मला नको आहे. दुभत्या बाहेरच ठेवल्या. कालवडी त्यांच्यात सोडल्या.

१५ सप्टेंबर

कप आजही होता. या खेपेला रिकामा. कठड्यावर ओला गोल डाग.

टाकीतून अधूनमधून बुडबुडा फुटल्याचा आवाज येतो. घसा साफ केल्यासारखा. धाकटा काही महत्त्वाचं बोलण्याआधी तसा करायचा. मी गोठ्याकडे जायला आता विहिरीवरून फेरा मारून जातो. तो रस्ता जास्त कोरडा आहे.

२१ सप्टेंबर

आज एका कालवडीने मान खाली घातली, जीभ गवताभोवती गुंडाळली आणि उपटलं. मातीसकट. तोंडातली माती थुंकली, पुन्हा उपटलं. काळी गाय तिच्या शेजारी होती. तिने हुंगलं आणि तीही खायला लागली. संध्याकाळपर्यंत निम्म्या गाई चरत होत्या. तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. कापड फाटत राहावं तसा, सगळीकडून.

आईला कुंपणापाशी खुर्ची टाकून दिली. ती म्हणाली, "धाकट्याला बोलवा रे, बघू दे." मग तिच्या लक्षात आलं. आम्ही दोघं गाईंकडे बघत राहिलो.

२४ सप्टेंबर

बाकीच्याही चराव्यात म्हणून काल संध्याकाळी कोणालाच काही घातलं नाही. उपाशी असल्या की खातील. आणि दूध वाढावं म्हणून आज सकाळी लसूणघासाचा तुकडा उघडला. कोवळा, दंवाने भिजलेला. कोणी थबकली नाही. धावल्या.

मी बघत उभा होतो. चांगलं वाटत होतं.

तासाभरात मोठी गाय आडवी झाली. पाय ताठ, पोट नगाऱ्यासारखं. काळीची डावी कूस फुगून पाठीच्याही वर आली होती, जीभ बाहेर. मी बाकीच्या हुसकावल्या, सूनबाईने फोन केला. डॉक्टर येईपर्यंत मोठी गेली. काळी उभी होती, पण डोळे पांढरे. "उपाशी पोटी ओला घास, पोटात वायू कोंडला," म्हणत डॉक्टरांनी नळीची जाड सुई काढली, सूनबाईला म्हणाले, शिंगं धरा. तिने धरली. त्यांनी सुई कुशीत खुपसली.

वायू सुटला. ट्यूबमधून हवा सुटते तसा आवाज, बराच वेळ. आणि वास.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी रस्त्यावर होतो, आमच्या फाट्याच्याही पुढे. एका पायात चप्पल नव्हती. सूनबाई मागून आली. तिच्या कपड्यांना शेण आणि रक्त. हातात माझी दुसरी चप्पल.

"काळी उठली," ती म्हणाली. "घाला पायात. काटे आहेत."

येताना ती एक शब्द बोलली नाही. ती न बोलता चालू शकते हे मला माहीत नव्हतं.

२५ सप्टेंबर

सगळ्या पुन्हा दावणीला. गोठा धुतला. पाणी नालीतून गेलं.

१७ ऑक्टोबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. दूध पूर्ववत आलं. टँकरवाला खूश आहे, म्हणतो, "शहाण्यासारखं वागलात." मोठीच्या जागी दावं तसंच लटकतंय.

टाकी भरली. आज नालीतून पाणी उलटं गोठ्यात आलं. आता ढवळून उपसावं लागेल. उपसणाऱ्याला फोन केला, तो शुक्रवारी मोकळा आहे. म्हणाला, "ढवळणी तुमचीच वापरू. एक माणूस लागेल तुमचा, झाकणापाशी उभा राहायला."

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून बसलो. आईने विचारलं, चक्कर आली का. हो म्हणालो.

१८ ऑक्टोबर

आज विहिरीवरून गेलो नाही. शुक्रवारी झाकणापाशी उभं राहायचं तर आज जवळ जाऊन यावं असं ठरवलं.

सूनबाई कठड्यावर बसली होती. झाकण बोटभर सरकवलेलं, हातात कप.

"या," म्हणाली. जागा करून दिली. मी उभाच राहिलो.

"तू इथे?"

"रोज असते. धार झाली की. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नाही म्हणालो. कपाबद्दल विचारलं नाही.

"आतली हवा जाऊ दे म्हणून सरकवते थोडं," ती म्हणाली. "काही उपयोग नाही त्याचा, मलाही कळतं. विहिरीवरून जायला लागेपर्यंत तुम्ही रोज संध्याकाळी येऊन गच्च बसवायचात. मी रोज सकाळी सरकवायचे. आपली दोघांची पाळी चालली होती."

मग ती माझ्याकडे न बघता बोलली. "गाई बाहेर जायला माझी कधीच ना नव्हती, दादा. डॉक्टर म्हणतात तशा सावकाश काढा, मी आहे सोबत. पण टाकी मातीने भरू नका. तो आत गुदमरून गेला. वरून माती कशाला?"

मला आजवर वाटत होतं, तिला दुधाची काळजी आहे.

"मग काय करायचं?"

"उघडी करा. ही स्लॅब फोडा. वारा लागू दे."

मी म्हटलं, उघडी ठेवायची तरी आत शेणपाणी जायला नको, म्हणजे गोठा पाण्याने धुणंच बंद करावं लागेल. खाली जाड पेंढा अंथरायचा, ओला झाला की वर आणखी घालायचा. पेंढ्यासकट शेणाचा ढीग बाहेर उघड्यावर. गाई दिवसा रानात, रात्री पेंढ्यावर. जमिनीलाही ते बरं. मी बराच बोललो असेन. जमिनीचं, खुरांचं, पेंडीचं सगळं पुन्हा सांगितलं.

ती ऐकून घेत होती. "हो," म्हणाली. "जमिनीसाठीच करू या." आणि कप घेऊन उठली. ती का हसली ते मला कळलं नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

उपसणारा आला. झाकणापाशी माणूस उभा राहणार नाही, हे सूनबाईने आधीच सांगितलं. यंत्र लांबून, सगळे वाऱ्याच्या बाजूला. ती हातात काठी घेऊन मध्ये उभी. उपसणाऱ्याचा हेल्पर पाइप वाकवायला पुढे गेला तशी म्हणाली, "अजून एक पाऊल टाकलंस तर तुझ्या गाडीचं एक टायर कमी होईल."

"ताई, रोजचं काम आहे माझं."

"आमच्याकडेही रोजचंच होतं."

तो मागे आला. दुपारी त्याला तिने पोटभर जेवू घातलं.

ढवळणी चालू असेपर्यंत मी विहिरीपाशी होतो. तिथपर्यंत वास येत नाही. तरी येत होता.

६ नोव्हेंबर

फक्त कालवडी बाहेर. आधी पोटभर सुका चारा, मग दंव उडाल्यावर रान. दुभत्या गोठ्यात पेंढ्यावर उभ्या राहून खिडकीतून बघतात. पहिल्या दिवशी पेंढाच खाल्ला. सूनबाई म्हणाली, "गादी खाणारं घर पहिल्यांदाच पाहिलं."

पेंढा किती लागतो याचा अंदाज चुकला. शेजारच्या कोंबडीवाल्याकडचा आणला, त्याबदल्यात त्याला ढिगातलं खत द्यायचं. तो म्हणतो आम्ही वेडे आहोत. खताचं मात्र दोनदा विचारून गेला.

२३ नोव्हेंबर

कालवडींना जंत झाले. गोठ्यात हा त्रास नव्हता. औषध पाजलं. डॉक्टर म्हणाले, त्याच तुकड्यात लवकर परत सोडल्या म्हणून. गवत कमी पडलं म्हणून सोडल्या होत्या. एक नीट करावं तर दुसरं उसवतं. आई म्हणाली, "सोडून देतोस का मग?" नाही म्हणालो.

आजपासून काळी आणि आणखी चार बाहेर. काळी लसूणघासाच्या तुकड्याच्या तारेपाशी जाऊन उभी राहते. मी तिथून हलत नाही.

४ डिसेंबर

दोन गाई विकल्या. सगळ्यांना पुरेल एवढं गवत आपल्याकडे नाही, हे मान्य करावं लागलं. दूध पूर्वीपेक्षा कमीच राहणार. टँकर आता आत येत नाही. मी कॅन फाट्यापर्यंत नेतो. टँकरवाला तिथे थांबतो आणि हॉर्न वाजवत राहतो, लग्नाची वरात अडल्यासारखा. पण थांबतो.

बाकीच्या दुभत्याही आता दिवसा रानात असतात. धाकट्याच्या यायच्या वेळेला अजून कधी कधी सगळ्या मान वर करतात आणि त्या कोपऱ्याकडे बघतात. थोडा वेळ. मग पुन्हा खायला लागतात.

११ डिसेंबर

स्लॅब फोडली. चार माणसं, घण. पहिला तुकडा आत पडला तो आवाज घरात आईपर्यंत गेला. ती बाहेर आली नाही. दुपारपर्यंत सगळी निघाली. टाकी आधीच रिकामी करून धुतली होती. तिच्या तळावर ऊन पडलं. मला वाटायचं ती खूप मोठी असेल. आमच्या स्वयंपाकघराएवढी आहे.

उताराच्या बाजूची भिंतही फोडायची आहे, म्हणजे पाणी साचणार नाही. तोवर चारी बाजूंनी जाळी लावली. आठवडाभर तशीच उघडी ठेवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचा तो विषय नाही, तरी मी त्यांनाच विचारलं.

१९ डिसेंबर

सकाळी सूनबाई म्हणाली, "मला एकदा खाली जाऊन बघायचंय."

मी म्हटलं, काय आहे तिथे बघायला.

"काही नाही, ते बघायचंय."

वायू तपासायचं यंत्र उपसणाऱ्याकडून मागून आणलं. दोरीने तळापर्यंत सोडलं, वर काढलं, पुन्हा सोडलं. काही दाखवलं नाही. तरी मी तिच्या कमरेला दोर बांधला. ती म्हणाली, "गाय बांधताय का? गाठ तरी जरा सैल." गाठ सैल केली नाही.

ती शिडीने उतरली. तळावर उभी राहिली, वर पाहिलं. वरून ती लहान दिसत होती.

"गार आहे इथे," म्हणाली.

"बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

"एरवी म्हणता, किती बोलतेस." मग ती बोलायला लागली. काळी डाव्या पायावर जपून चालते, बघायला हवं. मुलीला दप्तर नवीन लागेल. टँकरवाल्याने फाट्यावर तिला पाहून आरशात भांग पाडला, त्याला सांगा, टँकरला आरसा मागचं बघायला असतो. मी हो म्हणत होतो. हातात दोर घट्ट होता, तळव्याला रुतत होता.

भिंतीजवळ गेल्यावर तिचा आवाज बंद झाला. मी दोर ओढला.

"ओढू नका, दादा. बसलेय मी."

"बोल मग."

 रानातून फक्त गाई चरत असल्याचा आवाज येत होता. मी दोराला पुन्हा ताण दिला.

मग ती हळू बोलायला लागली. माझ्याशी नव्हे. भिंतीकडे तोंड होतं, शब्द वर पोचत नव्हते. मध्येच हसली, मध्येच कोणावर तरी रागावली, मग सावकाश काही समजावून सांगत राहिली. ऊन या भिंतीवरून त्या भिंतीकडे सरकलं. मी वर उभा होतो. आवाज येत होता तोवर मी दोर ओढला नाही.